वाऱ्याच्या स्वाधीन एक तास

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्या परिसरात तीन पिढ्या आडत चालविणाऱ्या कुटुंबातील एका ज्येष्ठ गृहस्थांना कोणाचा माल कोणत्या गाडीत चढला आणि ती गाडी केव्हा, कोठे पोहोचेल, हे वही न उघडता ठाऊक असते. त्यांच्या विवाहाला चाळीस वर्षे पूर्ण झाली, तेव्हा नांदेडला दिलेल्या कन्येने व जावयांनी आई-वडिलांसाठी केनियाच्या सफरीचा बेत आखला. यात्रा कंपनीच्या अंदाजपत्रकात विमान, तंबूतील निवास व जीप यांच्याखाली एक स्वतंत्र ओळ होती: बलून सफारी, एक तास, दरडोई सुमारे 500 डॉलर. गृहस्थांनी पेन्सिल हाती घेतली. चाळीस हजारांहून अधिक रुपये. तुरीचा भाव क्विंटलला सात हजार धरला, तर जवळजवळ सहा क्विंटल तूर. आणि तीही अशा वाहनासाठी, ज्याला सुकाणू नाही आणि जे कोठे उतरणार हे चालविणाऱ्यालाही नक्की सांगता येत नाही!

आक्षेप चुकीचा नव्हता. उष्ण हवेच्या फुग्याचा चालक केवळ वर जाऊ शकतो किंवा खाली येऊ शकतो. निरनिराळ्या उंचीवर वारा निरनिराळ्या दिशांना वाहतो. हवी ती दिशा जेथे सापडेल त्या थरात फुगा नेऊन ठेवायचा, एवढेच त्याचे कौशल्य. सकाळची थंड हवा शांत असते, जमीन तापू लागली की हवेचे झोत उठतात, म्हणून उड्डाण सूर्योदयाच्या सुमारासच होते. फुगा उचलला जाण्याचे गणित मात्र व्यापाऱ्याला सहज पटावे असे आहे. एक घनमीटर साधी हवा सुमारे 1.2 किलो भरते, तीच 100 अंशांपर्यंत तापविली की सुमारे 0.95 किलो. घनमीटरमागे पाव किलोचा हा फरक. मसाई माराचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे 1,500 मीटर उंच असल्याने तेथे तो थोडा घटतो. तरीही 10,000 घनमीटरच्या फुग्यात एकूण वजन दोन टनांच्या घरात जाते. कापड, टोपली, गॅसच्या टाक्या आणि बारा-सोळा माणसे त्यातच बसवायची. म्हणून प्रत्येक प्रवाशाचे वजन आधी विचारले जाते आणि ते खरे सांगावे.

हा शोधही एका व्यापारी घराण्यातलाच. फ्रान्समधील मोंगोल्फिए बंधूंचा पिढीजात धंदा कागदनिर्मितीचा. 1783 च्या सप्टेंबरात व्हर्सायच्या राजवाड्यासमोर त्यांनी फुग्याबरोबर एक मेंढी, एक बदक व एक कोंबडा वर पाठविला. वरच्या हवेत जीव तगतो की नाही, हे माणसाने आधी मुक्या प्राण्यांवर पाहून घेतले. ते जिवंत उतरले. नोव्हेंबरात दोन माणसे चढली. गॅसच्या शेगडीवर चालणारा आजचा फुगा 1960 मध्ये अमेरिकेत उडाला. आफ्रिकेत वन्यजीवांचे चित्रपट करणारे अॅलन रूट यांना चित्रीकरणासाठी फुगा हवा होता. 1974 मध्ये ते त्यातून किलिमांजारो पर्वतावरून गेले आणि 1976 मध्ये त्यांनी मसाई मारातील कीकोरोक येथून प्रवाशांसाठी उड्डाणे सुरू केली.

वयाचा मुद्दा निघाला तेव्हा कन्येने विजयपत सिंघानिया यांचे उदाहरण पुढे केले. 26 नोव्हेंबर 2005 रोजी रेमंडच्या या उद्योगपतींनी मुंबईहून उष्ण हवेच्या फुग्यातून उड्डाण करून 21,027 मीटरची विक्रमी उंची गाठली आणि ते नाशिक जिल्ह्यात सिन्नरच्या बाजूला उतरले. त्यांचे वय तेव्हा 67 होते. वडील 68 वर्षांचे. “एका वर्षाचाच फरक,” असे म्हणून त्यांनी पैसे भरायला संमती दिली.

खरी चूक येथे, क्रमात झाली. केनियाहून भारतात परतणाऱ्याला पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र दाखवावे लागते. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहण्याची वेळ येऊ शकते. ही लस ठरावीक केंद्रांवरच मिळते आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. ती जिवंत पण दुर्बल केलेल्या विषाणूची असते, कोंबडीच्या अंड्यातील गर्भावर वाढविली जाते, आणि साठीनंतर प्रथमच घेणाऱ्यांना गंभीर दुष्परिणामांचा धोका तुलनेने अधिक असतो. यांपैकी एकही गोष्ट अंदाजपत्रकात नव्हती. विम्याचे व परकीय चलनाचे सारे कागद जावयांनी काटेकोर केले होते, साहसी उड्डाण विम्यातून वगळलेले नाही हेही तपासले होते; 2013 मध्ये इजिप्तच्या लक्सर येथे फुग्याला आग लागून 19 जण मृत्युमुखी पडले, हे त्यांच्या वाचनात होते. लशीची चौकशी तेवढी शेवटी राहिली.

डॉक्टरांकडे आईंनी पहिला प्रश्न विचारला तो लस कशापासून करतात हा. उत्तर ऐकून त्या बराच वेळ गप्प राहिल्या. त्यांच्यापुरता त्या प्रश्नाचा निर्णय होण्याआधीच दुसरा निर्णय झाला: संधिवातासाठी त्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेत होत्या, आणि अशा रुग्णाला जिवंत विषाणूची लस देत नाहीत. वडिलांची तपासणी होऊन त्यांना परवानगी मिळाली. घरी येताच त्यांनी सगळेच रद्द करण्याचे जाहीर केले. “पैसे भरलेत, जाऊन या,” आई म्हणाल्या. “मी कुठं पळून चालले?”

ऑगस्टमध्ये ते कन्या-जावयांसह मारात पोहोचले. ‘सफारी’ हा स्वाहिली शब्द आणि आपली ‘सफर’ ही एकाच अरबी मुळाची भावंडे. दुकानाला तेथे ‘दुका’ म्हणतात, हे कळल्यावर त्यांना परकेपणा थोडा कमी वाटला. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी गुजरातेतून गेलेल्या दुकानदारांनी, त्यांत अनेक ओसवाल कुटुंबांनी, तो मुलूख पायाखाली घातलेला होता.

पहाटे चारला उठून अंधारात जीपने जावे लागते. थंडी चांगलीच असते, लोकरी कपडे हवेत. टोपलीला आत कप्पे असतात. उतरताना गुडघे वाकवून, पाठ टेकवून, दोर घट्ट धरून बसावे लागते, कारण टोपली आपटते, कधी आडवी होऊन फरफटते. गुडघ्यांच्या दुखण्याचे, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, गर्भवती स्त्रिया व लहान मुले यांना म्हणूनच नकार मिळतो.

वर गेल्यावर शेगडी बंद असते तेवढा वेळ संपूर्ण शांतता. फुगा वाऱ्याबरोबरच जात असल्याने वारा अंगाला लागत नाही. खाली विल्डबीस्टच्या रांगा, मध्ये झेब्रे, आणि पाणघोड्यांच्या नदीकडे उतरणाऱ्या पायवाटा, चहूकडून एका डोहाशी येऊन मिळणाऱ्या. आदल्या दिवशी एका शिकारीभोवती पंधरा-वीस जीपगाड्यांचा गराडा पडला होता, तो पाहून वडिलांनी मान फिरविली होती. फुग्याला असे काही गाठता येत नाही आणि मागेही फिरता येत नाही. शेगडीचा भडका उडाला की मात्र कळप दचकून पळतात. जाहिरातीत ही गोष्ट कोणी लिहीत नाही.

उतरल्यावर माळावरच न्याहारी मांडतात आणि प्रथेप्रमाणे शॅम्पेन उघडतात. त्यांनी ती नाकारली. नवकारशीची 48 मिनिटे आकाशातच उलटून गेली होती. पिशवीतला खाकरा व सुकी चटणी त्यांनी काढली. तेथे ‘शाकाहारी’ या शब्दात अंडे येऊ शकते, म्हणून काय चालत नाही ते आधीच लेखी कळविलेले बरे. फुग्याच्या मागोमाग माळ तुडवीत आलेली गाडी तोवर पोहोचली होती.

लातूरला परतल्यावर आईंनी विचारले, “उतरलात कुठं?”

“नाव नव्हतं त्या जागेला.”

2020 च्या डिसेंबरात मध्य प्रदेशातील बांधवगडला फुग्याची उड्डाणे सुरू झाली होती, हे जावयांनी सांगितले, तेव्हा वडिलांनी फोन करून चौकशी करायला लावली. तेथे लशीचा प्रश्न नाही. पण टोपलीत गुडघे वाकवून बसण्याचा आहेच. उड्डाण आहे की नाही, भाडे किती, हे त्यांनी विचारले नाही. फुग्याच्या मागोमाग जी गाडी जाते, तिच्यात दोघांना बसता येईल का, एवढेच त्यांना हवे होते.