वायर कोणी काढली?

आमच्या खानदेशात संगणक बंद पडला की "काय झालं?" असं कोणी विचारत नाही. "वायर कोनी काढी?" असं विचारतात. जळगावच्या सायबर कॅफेत हेच ऐकलं, धुळ्याच्या शाळेतल्या संगणक कक्षात हेच, आणि आता पुतण्याच्या घरीही हेच. प्रश्नातच आरोपी ठरलेला! उभं आयुष्य मास्तरकीत गेल्यामुळे असेल, पण प्रश्न चुकीचा असला की मला पुढचं ऐकवत नाही.

माझं मत सरळ आहे. चालू संगणकातून यूएसबीची वायर ओढली आणि निळा पडदा येऊन अख्खी विंडोज आडवी झाली, तर दोष ओढणाऱ्याचा नाही.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. पेनड्राइव्हवर फाइल उतरत असताना तो उपटला तर फाइल खराब होते. हे खरं आहे आणि ती काळजी घ्यायलाच हवी. (२०१८ सालच्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून मूळ सेटिंगच असं आहे की नकलण्याचं काम संपलेलं असेल तर पेनड्राइव्ह थेट काढला तरी चालतो. मी तरी अजून विचारूनच काढतो. सवय.) पण स्कॅनर किंवा प्रिंटर काढला म्हणून संगणकच कोसळणं ही निराळी गोष्ट. पहिल्यात आपली घाई नडते, दुसऱ्यात बहुतेक वेळा ड्रायव्हर लिहिणाऱ्याची.

ड्रायव्हर म्हणजे यंत्र आणि विंडोज यांच्यामधला दुभाष्या. साधा प्रोग्राम चुकला तर तो एकटाच मरतो. पण बरेचसे ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे घराच्या पार माजघरात बसून काम करतात. समोरचं यंत्र अचानक नाहीसं झालं तर हातातली कामं रद्द करून त्याने गप्प बसायचं असतं. विंडोज २००० पासून तशी स्वतंत्र सूचनाच त्याला मिळते. कच्चा ड्रायव्हर मात्र गेलेल्या यंत्राच्या उत्तराची वाट पाहत बसतो, नाहीतर मोकळ्या केलेल्या मेमरीत हात घालतो. मग विंडोज स्वतःच सगळं थांबवते, कारण तसंच पुढे रेटलं तर डिस्कवरचंही बिघडायचं. निळा पडदा (२०२५ पासून विंडोज ११ मध्ये तो काळा झाला आहे) म्हणजे तो थांबल्याचा निरोप.

आणि लोक वायर ओढणार, हे यूएसबी घडवणाऱ्यांनी धरूनच ठेवलं होतं. नेहमीच्या चपट्या यूएसबीच्या तोंडात डोकावून पाहा. चार पट्ट्या दिसतील. कडेच्या दोन विजेच्या, मधल्या दोन माहितीच्या. कडेच्या दोन मुद्दाम लांब ठेवल्या आहेत, म्हणजे लावताना वीज आधी जोडली जावी आणि काढताना शेवटी तुटावी. हे काम करणाऱ्या इंटेलच्या मंडळींत अजय भट्ट हे मोठं नाव, शिक्षण बडोद्याचं. आमच्या तापी लाइनने सुरतेला जायचं, पुढे बडोदा फार लांब नाही, म्हणून उगाच आपलेपणा वाटतो.

२० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांच्या शेजारी उभं राहून त्यांच्या सहकाऱ्याने विंडोज ९८ ला यूएसबी स्कॅनर जोडला, आणि भर सभेत निळा पडदा आला. लोक हसले, गेट्सही हसले. "वायर का लावलीस रे?" असं त्या सहकाऱ्याला कोणी दरडावल्याचं ऐकिवात नाही.

दरडावतात ते आमच्याकडे. मागे एका नोव्हेंबरात पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी धुळ्यातल्या एका केंद्रात बसलो होतो. ठशांचं यंत्र एकच, टेबलं दोन. माझ्या पुढच्या आजींचा ठसा घेणं चालू असतानाच पोराने यंत्र उपटून शेजारच्या टेबलाला दिलं. निळा पडदा. पोरगा म्हणतो, "आजी, इतकं जोरात दाबू नका ना!" आजी कुटुंब निवृत्तिवेतनवाल्या, शेतात राबून बोटं घासलेली. त्या घाबरून हात पदरात घेऊन बसल्या. नंतर दोनदा बोलावलं तरी बोट पुढे करेनात. आपल्या बोटाने सरकारचं यंत्र मोडलं, आता पेन्शन अडणार, हेच मनात बसलं. मी त्या पोराला बाजूला घेऊन चार शब्द सांगितले. त्याचाही राग येईना, त्याला कोणी शिकवलेलंच नव्हतं. (२०२१ पासून हा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवूनही मिळतो, हे बरं झालं.)

मग करायचं काय? आधी पडद्याचा मोबाइलवर फोटो काढा, खालचा इंग्रजी संकेत महत्त्वाचा. फोटो काढायच्या आत संगणक आपोआप सुरू होत असेल तर 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'मध्ये जाऊन आपोआप सुरू होण्याची खूण काढून टाका. विंडोजच्या फोल्डरात 'मिनीडम्प' नावाचं फोल्डर असतं, त्यात पडझडीचा पंचनामा सापडतो. 'ब्लूस्क्रीनव्ह्यू' हे फुकटचं साधन तो उघडून कोणत्या ड्रायव्हरवर संशय आहे त्याचं नाव दाखवतं. नाव मिळालं की यंत्र बनवणाऱ्याच्याच संकेतस्थळावरून नवा ड्रायव्हर घ्यायचा, भलतीकडून नाही. तरी तेच होत असेल तर मधला स्वस्त हब काढून यंत्र थेट संगणकाला लावून पाहा. निळा पडदा न येता संगणक फट्कन बंदच होत असेल तर मात्र ड्रायव्हर सोडा. सैल पोर्ट, अर्थिंग आणि पॉवर सप्लाय तपासा.

भारनियमनाच्या काळात आम्ही हे न कळत रोज अनुभवलं. भुसावळजवळ दीपनगरला वीज तयार व्हायची आणि आमच्याकडे तासन् तास अंधार! संगणक यूपीएसवर चालू, प्रिंटर भिंतीच्या सॉकेटवर. वीज गेली की प्रिंटर छापता छापता नाहीसा. म्हणजे वायर काढल्यासारखंच, फक्त काढणारी वीज कंपनी. तिला कोण दरडावणार?

एका ठिकाणी मात्र जुनी ताकीद बरोबर होती. गोल तोंडाचे, बारीक पिनांचे जुने कीबोर्ड आणि माउस चालू संगणकातून काढण्यासाठी बनवलेलेच नव्हते. त्यात मदरबोर्डवरचा फ्यूज उडू शकतो. असे संगणक कुठे अजून चालू असतील तर ते आधी बंद करा आणि मगच हात लावा.