खणाचा तारा, घोंगडीचं मेंढरू

डिसेंबर उजाडला की साताऱ्याच्या खण आळीतली दुकानं लग्नाच्या खरेदीनं भरून जातात. शिंप्यांच्या मशीनखाली कातरणीचे ढीग साचतात. खणाचे त्रिकोणी तुकडे, साडीच्या काठाची टोकं, अस्तराच्या पट्ट्या, एखादी जरीची कड. संध्याकाळी दुकान झाडताना हे सगळं पोत्यात जातं आणि सकाळी घंटागाडीत. माझं नाताळचं सामान त्या पोत्यात असतं. ओळखीच्या शिंपीदादांना आधी सांगून ठेवलं की ते खणाचे तुकडे वेगळे काढून ठेवतात. पैसे घेत नाहीत, पण पहिला तारा त्यांच्या दुकानात टांगायचा, असा आमचा शिरस्ता पडून गेला आहे.

मी ख्रिस्ती नाही. नाताळला हातानं शिवलेली एखादी छोटी वस्तू भेट द्यायची सवय मला माहेरी, मिरजेत लागली. डॉ. विल्यम वानलेस 1889 मध्ये भारतात आले आणि 1894 मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केलं. पाटीवर वानलेस असलं तरी पंचक्रोशीत त्याला मिशन हॉस्पिटलच म्हणतात. आमच्या शेजारच्या मावशी तिथं परिचारिका होत्या. चोवीस तारखेच्या संध्याकाळी त्यांच्याकडून फराळाचं ताट यायचं. करंज्या, शंकरपाळी, चकल्या, रव्याचे लाडू, कडेला केकचा तुकडा आणि वर क्रोशाचा रुमाल. दिवाळीत आमच्याकडून त्यांच्याकडे जायचं ते ताटही जवळपास असंच. ताट रिकामं परत करायचं नाही, ही रीत दोन्ही घरांत सारखीच पाळली जायची. आई त्यात साखर घालून द्यायची. एका वर्षी आजीनं साखरेच्या वाटीशेजारी खणाची एक चांदणी ठेवली, रुखवतात मांडतात तसली, आत कापूस भरलेली. मावशींनी ती त्यांच्या झाडाच्या, म्हणजे सुरूच्या फांदीच्या, अगदी शेंड्याला बांधली आणि कुंपणावरून मला हाक मारली, "अगं, तुझ्या आजीचा तारा लागलाय बघ आमच्या झाडाला. ये बघायला."

तेव्हापासून आमच्याकडून साखरेबरोबर चांदणी जाऊ लागली. आजी गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं.

खण शिवायला सोपा नाही. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डच्या मागावरचं हे कापड दिसायला भरदार, पण कात्री लागली की कडेचे धागे सुटायला लागतात. म्हणून तारा कापताना पुठ्ठ्याच्या नमुन्याभोवती करंगळीएवढी जागा सोडायची. दोन तुकडे सुलट बाजू आत घेऊन जोडायचे आणि बारीक धावदोरा घालायचा, इतका बारीक की टाके मोजायला गेलं तर डोळे दुखतील. एका बाजूला बोटभर तोंड उघडं ठेवायचं. मग सगळ्यात महत्त्वाचं काम. ताऱ्याच्या दोन टोकांमध्ये जिथं आतली खाच येते, तिथं कापडाला कात्रीनं अगदी शिवणीपर्यंत चीर द्यायची. ही चीर राहिली तर उलटवल्यावर तारा आखडतो, कितीही कापूस भरा, त्याला चुण्याच पडतात. टोकांशी जास्तीचं कापड छाटायचं, तारा उलटवायचा आणि विणकामाच्या सुईच्या बोथट टोकानं एकेक टोक बाहेर काढायचं. कापूस चिमटीचिमटीनं भरायचा, आधी टोकांत, मग मध्ये. तोंड लपत्या टाक्यानं बंद करायचं आणि सगळ्या कडेनं वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा काजटाका घालायचा. जांभळ्या खणाला पिवळा दोरा, हिरव्याला लाल.

टिकली लावायची पद्धत मला मावशींनीच दाखवली. सुई खालून वर काढायची, टिकलीतून घ्यायची, वर एक बारीक मणी ओवायचा आणि सुई पुन्हा त्याच टिकलीच्या भोकातून खाली उतरवायची. मणी टिकलीला धरून ठेवतो आणि दोरा कुठं दिसत नाही. आयुष्यभर रुग्णालयात काम केलेल्या त्या बाईंचा हात इतका स्वच्छ होता की कापडाची मागची बाजूही दाखवावी. आता त्यांना नीट दिसत नाही. म्हणून त्यांच्या ताऱ्यावर मी टिकल्या लावत नाही, मोठे काचेचे मणी ओळीनं शिवते. बोटं फिरवली की त्यांना नक्षी कळते.

हातानं शिवलेल्या भेटीचं मोल मला इथं दिसतं. ती कुणासाठी तरी शिवलेली असते. घेणाऱ्याचं वय, त्याची आवड, त्याच्या घरातलं लहान मूल, सगळं डोळ्यांसमोर ठेवून रंग निवडला जातो. रांगतं बाळ असलेल्या घरी मणी आणि टिकल्या जाऊच द्यायच्या नाहीत, ती तोंडात घालतात. तिथं नुसतं दोऱ्याचं भरतकाम, साखळी टाका आणि गाठीचा टाका.

नाताळच्या बाजारात मात्र मला वाईट वाटतं. सांगलीच्या दुकानांत लाल टोपीचे प्लॅस्टिकचे सांताक्लॉज, थर्माकोलचे गोळे आणि बर्फ म्हणून फांदीवर पसरायचा कापूस मांडलेला असतो. बाहेर ऊसतोड चालू असते, रस्त्यानं उसाच्या बैलगाड्या जात असतात, रानात शाळू डोलत असतो. बर्फ आपल्याकडे कधी पडलाच नाही, आणि येशूच्या जन्माच्या गोष्टीतही बर्फाचा उल्लेख नाही. तिथं गव्हाण आहे, आणि रात्री कळप राखत उघड्यावर बसलेले मेंढपाळ आहेत. लूकच्या शुभवर्तमानात जन्माची बातमी पहिल्यांदा त्यांनाच कळते. माणदेशातल्या, आटपाडी-जतच्या माळावरच्या धनगराला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. थंडीत खांद्यावर घोंगडी टाकून मेंढरांजवळ रात्र काढणं त्याच्या अंगवळणी पडलेलं आहे.

म्हणून ताऱ्याच्या जोडीला मी घोंगडीच्या तुकड्याचं मेंढरू करते. जुनी, फाटलेली घोंगडी त्यासाठी उत्तम. नवीला चिंचोक्याच्या खळीचा ताठरपणा असतो, ती कोमट पाण्यात भिजवून मऊ करून घ्यावी लागते. जाड लोकरीतून साधी सुई जात नाही, मोठ्या नेढ्याची सुई लागते आणि काजटाका जरा लांब घ्यावा लागतो. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर बहुतेक काळी, त्यामुळे माझं मेंढरूही काळंच होतं. कान खणाचे, डोळ्यांना दोन पांढरे मणी, गळ्यात लाल रेशमाचा गोंडा. पहिल्यांदा पाहणारी मुलं विचारतात, मेंढरू पांढरं का नाही? त्यांना एकदा म्हसवडच्या बाजूला घेऊन जावं आणि कळप दाखवावा.

ज्या त्या मुलखानं आपापल्या हाताशी होतं त्यातूनच नाताळ सजवला आहे. जर्मनीतल्या लाउशा गावाकडे काचेच्या भट्ट्या होत्या, तिथं काचेचे गोळे फुंकले गेले आणि जगभर गेले. काश्मिरी कारागीर कागदाच्या लगद्याचे गोळे करून त्यावर चिनारची पानं रंगवतात, तेही परदेशातल्या झाडांवर लटकतात. नेपाळात लोकर थापून त्याच्या चांदण्या आणि प्राणी करतात. आपल्याकडे खण येतो, घोंगडी आहे, आणि गोधडीपासून रुखवतापर्यंत सगळं शिवलेल्या बायकांचे हात आहेत. कमी कशाचीच नाही.

साताऱ्यात हे म्हणायला तर मोठा आधार आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. ख्रिस्ताला भेटायला मराठी माणसानं परकं व्हायची गरज नाही, हा त्यांचा ध्यास होता. त्यांनी भजनं लिहिली, ओवी आणि अभंग हाताशी घेतले. त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' पुढे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. मराठी चर्चमध्ये त्यांची भजनं आजही म्हटली जातात. गाणं आपल्या चालीवर असू शकतं, तर झाडावरचा ताराही आपल्या कापडाचा असायला काय हरकत आहे?

दुसरी गोष्ट पैशाची आहे आणि ती बोललीच पाहिजे. गेल्या काही वर्षांत बचत गटाच्या काही बायका माझ्याबरोबर शिवायला बसतात आणि नाताळच्या आधी तारे विकतात. गिऱ्हाईक हातात तारा घेऊन विचारतं, "चिंधीचाच ना हा? मग इतके पैसे कशाचे?" चिंधी फुकट आली हे खरं, पण बाईची दुपार फुकट नाही. काजटाक्यासकट एक तारा नीट पुरा करायला अर्धी दुपार जाते. केडगावच्या मुक्ती सदनात पंडिता रमाबाईंनी निराधार बायकांना शिवण, विणकाम शिकवलं ते त्यांना स्वतःच्या पायावर उभं राहता यावं म्हणून, वेळ घालवायला नव्हे. घरात शिवलं तर कौतुक आणि विकायला मांडलं तर घासाघीस, हे बरोबर नाही. पाचगणी-महाबळेश्वरला नाताळच्या सुटीत येणारा पाहुणा चॉकलेट-स्ट्रॉबेरीवर जेवढा सहज खर्च करतो, तेवढ्याच सहजतेनं त्यानं एक तारा घ्यावा, अशी माझी इच्छा आहे.

ज्यांना स्वतः शिवायचं आहे त्यांनी ओळखीच्या शिंप्याला आजच कातरण बाजूला ठेवायला सांगावं. ज्यांना विकत घ्यायचं आहे त्यांनी आपल्या गावातल्या बचत गटाकडे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच मागणी नोंदवावी आणि थोडी रक्कम आगाऊ द्यावी. नाताळ संपता संपता याच बायका संक्रांतीच्या हलव्याच्या दागिन्यांना बसतात. मग कितीही पैसे दिले तरी ताऱ्यासाठी त्यांचा हात रिकामा मिळत नाही.