शलगमची भाजी

गेल्या डिसेंबरात लेकीचा जर्मनीहून व्हिडिओ कॉल आला. जावई चाकणच्या एका गाड्यांच्या कंपनीत आहेत, कंपनीनं दोन वर्षांसाठी तिकडं पाठवलंय. कॅमेऱ्यासमोर तिनं एक गोळा धरला होता. चांगला नारळाएवढा, वरून जांभळट, खालून पिवळसर, अंगावर चरे पडलेले.

"आई, हे काय असेल सांग बरं?"

"नवलकोल का गं?"

"नाही. इथं याला श्टेकरूबं म्हणतात. इंग्रजीत रुटाबागा. स्वस्त होता म्हणून उचलून आणला. आता ह्याचं करू काय?"

तिनं कापून दाखवला. आतून फिक्कट पिवळा, गच्च. मी म्हटलं, हा तर आपल्या शलगमचा भाऊबंद! आणि तसंच निघालं. मोहरी, मुळा, कोबी, फ्लॉवर, नवलकोल, शलगम हे सगळं एकाच गोतातलं. त्यातल्या कोबी आणि शलगमच्या संकरातून हा रुटाबागा झाला. कास्पार बाउहिन नावाच्या स्विस शास्त्रज्ञानं 1620 मध्ये त्याची नोंद करून ठेवलीय. नाव स्वीडनचं, वापर सगळ्या थंड मुलखात. आपल्याकडच्या मंडईत काही तो दिसत नाही, पण शलगम दिसतो. थंडीत तर हमखास. आणि शलगम ज्या बाईला जमला तिला रुटाबागाही जमेल.

मला शलगम जमतो. तो कसा जमला ते मात्र मी आजवर कुणाला नीटसं सांगितलेलं नाही.

1999 ची थंडी. आम्ही तेव्हा चिंचवड स्टेशनजवळ चाळीत राहत होतो. ह्यांची कंपनी टाळेबंदीत बंद पडलेली. आज उघडेल, उद्या उघडेल म्हणता म्हणता पाच महिने गेले. पगार नाही, वाण्याची वही भरत आलेली, लेक पाच वर्षांची. सकाळी सातच्या पाळीचा भोंगा लांबून ऐकू आला की हे उठून बसायचे आणि पुन्हा आडवे व्हायचे. ते बघवत नसे.

आमच्या शेजारच्या खोलीत गाझीपूरकडची भाभी राहायची. तिचा नवरा भोसरीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत होता. ती एका संध्याकाळी मला पिंपरीच्या मंडईत घेऊन गेली, अगदी मंडई उठायच्या वेळी. कॅम्पातल्या सिंधी-पंजाबी गिऱ्हाइकांसाठी काही भाजीवाले शलगम ठेवायचे. दिवस मावळला की उरलेला वाटा कसाही देऊन टाकायचे. आपली माणसं त्याच्याकडं बघत नव्हती ना! भाभीनं दोन वाटे घेतले, एक माझ्या पिशवीत टाकला. म्हणाली, "दीदी, आलू महँगा है. ये बनाओ, पेट भरेगा."

पहिल्यांदा मी केली ती भाजी कुणी खाल्ली नाही. कडवट, उग्र, मुळ्यासारखा वास. दुसऱ्या दिवशी भाभी माझ्या ओट्याशी येऊन उभी राहिली. तिचं पहिलं सांगणं, शलगम लिंबाएवढा, फार तर संत्र्याएवढा घ्यायचा. मोठा झाला की आत दोर धरतो. दुसरं, साल पातळ काढायची नाही. बटाट्याची साल काढताना आपला जीव वर-खाली होतो तसं इथं करायचं नाही. सालीखाली एक पांढरा जाड थर असतो, कडूपणा आणि चोथा त्यातच. तो थर गेला पाहिजे. मग फोडी करून मीठ चोळून दहा मिनिटं ठेवायच्या. पाणी सुटतं ते ओतून द्यायचं.

ती मोहरीच्या तेलात जिरं, आलं आणि हिरवी मिरची टाकायची, मग हळद, धणेपूड आणि फोडी. झाकण ठेवून पंधरा-वीस मिनिटं मंद आच. फोड मऊ झाली की पळीच्या पाठीनं अर्धवट घोटायची. शेवटी आमचूर आणि गुळाचा एवढासा खडा. मी हळूहळू त्याला आपल्या वळणावर आणलं. शेंगदाण्याचं तेल, लसूण-जिऱ्याची फोडणी, आमच्या मराठवाड्याचा काळा मसाला, वरून दाण्याचं कूट. ज्वारीच्या भाकरीबरोबर अशी लागते म्हणता! पाला टाकायचा नाही. मुळ्याच्या पाल्यासारखी मूगडाळ घालून परतायची, किंवा पीठ पेरायचं. पाला कोवळा हवा मात्र.

रुटाबागाला आणखी दोन गोष्टी लागतात, त्या लेकीला फोनवरच सांगितल्या. तो दगडासारखा कडक असतो, सुरी घसरते. आधी बुडाची एक चकती कापून त्याला ताटात नीट बसता करायचा, मग उभे दोन भाग, मग फाका, आणि शेवटी साल काढायची. शिजायला शलगमच्या जवळजवळ दुप्पट वेळ, पातेल्यात अर्धा तास तरी. कुकरमध्ये फोडींना दोन शिट्ट्या पुरतात. तो मुळात गोड असतो, तेव्हा गूळ कमी.

जाता जाता दोन शंका. शुगरवाल्यांनी खावा का? खावा. शंभर ग्रॅम बटाट्यात पंच्याहत्तरच्या वर कॅलरी, शलगममध्ये तीसच्या आत. पिष्टही बटाट्यापेक्षा बरंच कमी. थायरॉइडच्या गोळ्या चालू असणाऱ्या मैत्रिणी मात्र कोबी-फ्लॉवर-शलगमचं नाव काढलं की घाबरतात. हे सगळं गोत कच्चं आणि भरमसाट खाल्लं तर शरीराला आयोडीन वापरायला अडथळा येतो, हे खरं. शिजवल्यावर तो दोष पुष्कळ कमी होतो. आयोडीनयुक्त मीठ घरात असेल तर आठवड्यातून एक-दोनदा शिजवून खायला सहसा हरकत नसते. तरी आपल्या डॉक्टरांना विचारा.

असो. तर लेकीनं भाजी केली. डबा घेऊन खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजीकडं गेली. आजीनं चव घेतली, छान म्हणाली, आणि मग सांगितलं की माझ्या आईनं ही भाजी आयुष्यभर घरात येऊ दिली नव्हती. का? तर पहिल्या महायुद्धात, 1916-17 च्या हिवाळ्यात, जर्मनीत बटाट्याचं पीक बुडालं आणि बाहेरून येणारं धान्य इंग्रजांच्या नाकेबंदीनं अडलं. मग लोकांनी रुटाबागा खाल्ला. त्याची भाजी, त्याचं सार, पावात तोच, मुरंब्यात तोच, वाळवून-भाजून कॉफी म्हणूनही तोच. त्या हिवाळ्याला तिकडं अजून याच भाजीचं नाव आहे. माणसं जगली, पण भाजीचं तोंड बघेनाशी झाली.

मला लगेच माझी आई आठवली. 1972 च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. तिथं सुकडी मिळायची, आणि रेशनवर अमेरिकेची लाल मिलो. पुढं घरात चांगली ज्वारी आली तरी कुणी मिलोचं नाव काढलं की आई तोंड फिरवायची. मिलोनंच तिला जगवलं होतं.

मीही तेच केलं. फक्त मी भाजीपाशी थांबले नाही.

2001 मध्ये ह्यांना चाकणला काम लागलं. पगार वेळेवर यायला लागला आणि शलगम आमच्या घरातून गेला. एकदा नणंदबाई आलेल्या असताना भाभी वाटीभर भाजी घेऊन दारात आली. मी वाटी घेतली, आणि ती वळली न वळली तोच बोलले, "भय्यांची भाजी आहे, आमच्यात नाही खात." पाच महिने खाल्लेली भाजी! भाभीला मराठी येत नव्हतं असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. चाळीत नऊ वर्षं राहिलेल्या बाईला एवढं मराठी येत नसेल?

2008 च्या फेब्रुवारीत उत्तर भारतीयांवर हल्ले सुरू झाले. पुणे-नाशिक भागातून माणसं मिळेल त्या गाडीनं गावी निघाली. आमच्या चाळीतूनही निघाली. भाभी सकाळीच माझं पुरणयंत्र परत द्यायला आली, स्वच्छ घासून, पुसून. मी म्हटलं, "कब आओगी?" "देखते हैं, दीदी." थांब म्हणायला हवं होतं, आमच्या घरात राहा म्हणायला हवं होतं. हे आतून म्हणाले, आपण कशाला मध्ये पडायचं. मी पडले नाही. ते कुटुंब परत आलं नाही, आणि मी कधी चौकशीही केली नाही.

हे आज लिहिण्याचं कारण आमच्या सोसायटीतली गेल्या महिन्यातली मीटिंग. एका फ्लॅटमध्ये चाकणला कामाला असलेली चार बिहारी मुलं भाड्यानं राहायला येणार होती. आमच्यातल्याच एक ताई म्हणाल्या, "त्यांच्या फोडणीचा वास जिन्यात येतो हो." बाकीच्यांनी माना हलवल्या. मोहरीच्या तेलाचा वास! अहो, मी लग्न होऊन इथं आले तेव्हा आमच्या सुक्या मिरचीच्या ठेच्याच्या खाटानं वरच्या मजल्यावरच्या काकू खिडक्या लावून घ्यायच्या, आणि "मराठवाड्याकडची दिसताय" असं म्हणायच्या. हा सगळा पट्टा बाहेरून आलेल्यांनीच भरलाय. फाळणीनंतर सिंधी आले, कारखाने आले तसे आपण लातूर-उस्मानाबाद, जळगाव, सोलापूरहून आलो, आता बिहार-ओडिशाची मुलं येतात. मंडईत परवल दिसतो, आणि आपल्याच तोंडलीला कुणी कुंदरू म्हणून मागतं. भाजीवालीला त्याचं काही वाटत नाही, ती तोलून देते. वासाचा त्रास आपल्याला, सोसायटीवाल्यांना.

मी मीटिंगमध्ये उठले आणि म्हटलं, माझी हरकत नाही, मोहरीचं तेल माझ्याही घरात असतं. खरं तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी जाऊन बाटली आणली. मुलं राहायला आली आहेत. चौघांच्या पाळ्या वेगवेगळ्या, त्यामुळं कुकर कधीही वाजतो, एवढीच काय ती तक्रार.

परवा लेकीचा पुन्हा फोन. आजीला आता शिकायचंय म्हणे. "आई, गूळ घोटण्याच्या आधी घालायचा का नंतर? मागच्या वेळी तळाला लागला." मी सांगायला तोंड उघडलं आणि अडले. भाभी आमचूर शेवटी टाकायची हे लख्ख आठवतंय. गूळ तिच्या हातात कधी असायचा, ते काही केल्या आठवेना. म्हटलं, आच बंद करून घाल.