जोंधळा परत आला, पण पुड्यातून



गेल्या महिन्यात दुधनीला मावशीकडे जाणे झाले. रिकाम्या हाताने कसे जायचे, म्हणून सोलापुरात गाडीत बसण्याआधी एका दुकानातून ज्वारीच्या बिस्किटांचा पुडा घेतला. मावशीला तीन वर्षांपासून साखरेचा आजार आहे. पुड्यावर कणसाचे चित्र होते, 'आरोग्यदायी' असे ठळक अक्षर होते आणि किंमत साध्या बिस्किटांच्या तिप्पट होती. महाग तर महाग, तब्येतीला बरे, असे मनाशी म्हणून आम्ही पैसे मोजले.

मावशीने पुडा उलटसुलट करून पाहिला आणि आठवीतल्या नातीच्या हाती दिला. "वाच गं, काय काय घातलंय त्यात." पोरीने मागची बारीक अक्षरे वाचली. पहिला मैदा, मग साखर, मग तेल, आणि चौथ्या नंबरला ज्वारीचे पीठ. मावशी खो खो हसली. "जोंधळा हुडकून काढावा लागंल की रं ह्यात! जलम गेला माझा जोंधळा काढण्यात, आन् तू मला पुड्यातला आणलास व्हय?"

आम्ही खजील झालो. वाचकहो, ही गंमत सांगून सोडून देता आली असती, पण तिच्या त्या एका वाक्यात आपल्या घराघरांची गोष्ट आहे.

दुधनी हे अक्कलकोट तालुक्याचे, कर्नाटकाच्या शिवेवरचे गाव. बाजार समितीत तूर, हरभरा, ज्वारी येते. घरात मराठी आणि कानडी दोन्ही बोलल्या जातात. आणि या सगळ्या मुलखाचे जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेले मालदांडी ३५-१ हे वाण याच जिल्ह्याचे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले आणि त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात या धान्यांना 'श्रीअन्न' असे नाव मिळाले. नाव मोठे झाले. मावशीच्या घरातली कणगी मात्र त्याच्या कितीतरी आधी रिकामी झाली होती.

ती कशी रिकामी झाली, ते मावशीनेच सांगितले. ती ज्वारीच्या काढणीला जायची तेव्हा मजुरी पेंढ्यांत मिळायची. घरी आणून बडवायची, उफणायची. चार-पाच महिन्यांचे धान्य होऊन जायचे. आता शिवारात ऊस, सोयाबीन, तूर वाढली. ज्वारी उपटून काढायला माणूस मिळत नाही म्हणून शेतकरी ती कमी पेरतो. मजुरी रोख मिळते. रोख मजुरी चांगलीच, धान्यासाठी मालकाच्या खळ्यावर ताटकळत बसायचे दिवस परत यावेत असे आम्हाला मुळीच वाटत नाही. पण ज्या घरात ज्वारी पिशवीने नव्हे तर पोत्याने यायची, तिथे आता ती किलोने विकत आणावी लागते.

जरा हिशेब करू. २०२५-२६ साठी मालदांडीचा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये आहे, म्हणजे किलोला साडेसदतीस रुपये. दुकानातला भाव वेगळा, तो सोडून देऊ. पाच माणसांच्या कष्टकरी घराला दोन वेळच्या भाकरीला रोज दीड किलो पीठ सहज लागते. महिन्याला ४५ किलो. हमीभावानेच धरले तरी सतराशे रुपयांच्या घरात गेले. दुसरीकडे रेशनवर माणशी पाच किलो धान्य जानेवारी २०२३ पासून फुकट आहे. अन्नसुरक्षा कायद्यात २०१३ पासून गहू-तांदळाबरोबर भरडधान्याचेही नाव आहे. मावशीच्या पिशवीत मात्र बहुतेक वेळा गहू आणि तांदूळच येतो. मग संध्याकाळी चुलीवर काय चढणार? भातच चढणार. डॉक्टर म्हणतात, "भात कमी करा, भाकरी खा." डॉक्टरांचे चूक नाही. पण ही चिठ्ठी घेऊन कोणत्या दुकानात जायचे?

आणि भाकरीची दुसरीही एक बाजू आहे, तिच्यावर आपल्या लोकांत मोकळेपणी बोलले जात नाही. लहानपणी शाळेत आम्ही डब्यातली भाकरी झाकणाआड धरून खायचो. चपातीवाल्या पोरांच्या शेजारी बसायची लाज वाटायची. घरात पाहुणे आले की आई शेजारून गव्हाचे पीठ उसने आणायची. हा नुसता खोटा डौल होता, असे आज कोणी म्हणाले तर आम्हाला ते मान्य नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या वाट्याला गावकीच्या कामाबद्दल दारोदार मागून आणलेली शिळी भाकर होती. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि असे उष्टे तुकडे सोडा, म्हणून सांगितले, आणि लोकांनी ते सोडले. पुढे १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो खाल्ला. तोही ज्वारीचाच भाऊ, पण त्याची चव सांगताना मावशीचे तोंड आजही वाकडे होते. ज्यांच्या भाकरीला एवढ्या आठवणी चिकटल्या आहेत, त्यांनी हातात चार पैसे आल्यावर चपाती आणि बिस्कीट घरात आणले, तर त्यात नवल काय? ती चपाती म्हणजे आपल्या कमाईची खूण होती.

आता शहरातल्या मोठ्या हॉटेलात तीच भाकरी पितळी ताटात मिळते. हिवाळ्यात हुरडा खायला लोक गाड्या करून येतात. खाऊ देत बापडे, ज्वारीला गिऱ्हाईक आले तर शेतकऱ्याचेही भलेच आहे. आम्हाला टोचते ते दुसरेच. मावशीची सून बचत गटात कडक भाकरी करते. कागदासारखी पातळ, कुडकुडीत, बरेच दिवस टिकणारी. तिचे पुडे बाहेरगावी जातात. सकाळपासून दुपारपर्यंत ती दुसऱ्यांच्या आरोग्यासाठी भाकऱ्या थापते आणि घरी येऊन कुकरला तांदूळ लावते. "दिवसभर थापून हात भरून येत्यात, भावजी," ती म्हणाली, "पुन्हा घरी पाच माणसांच्या थापायचं जिवावर येतं." तिला काय म्हणून दोष द्यायचा? आरोग्याचे सल्ले देणारे आधण ठेवण्याचे, पीठ मळण्याचे, तव्यापुढे तासभर उभे राहण्याचे काम कुणाचे, हे विचारत नाहीत. (त्या दिवशी आम्ही थापून पाहिली. पहिली तव्यावर टाकतानाच दुमडली. तिसरी खाण्याजोगी झाली. पुरुष मंडळींनी नोंद घ्यावी.)

ज्वारी कशासाठी खायची, हेही नीट समजून घ्यावे. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण दहा ग्रॅम तंतू आणि चार मिलिग्रॅम लोह असते. सडलेल्या पांढऱ्या तांदळात तंतू तीन ग्रॅमच्या आत आणि लोह एक मिलिग्रॅमच्याही आत. न चाळलेली गव्हाची कणीक मात्र ज्वारीच्या फारशी मागे नाही. तेव्हा रेशनचा गहू गिरणीतून दळून कोंड्यासकट खाल्ला तर त्यात कमीपणा काही नाही. कमी करायचा तो मैदा. आणि ज्वारी म्हणजे साखरेवरचे औषध नव्हे. मावशी एकदा "आता भाकरीच खाते" म्हणून गोळ्या बंद करून बसली होती आणि साखर भलतीच वाढली. भाकरीतही पिष्ट आहेच. तीन भाकरींऐवजी दीड, आणि उरलेल्या जागी तुरीची डाळ, मेथी, मटकी, असे ताट असावे. वर लिंबू पिळावे, म्हणजे लोह अंगी लागते. जेवल्या जेवल्या चहा घेऊ नये, तो लोह अडवतो. ही सवय आपल्या वस्त्यांत फार आहे, आमचीही होती.

पुडा विकत घ्यायचाच झाला तर पुढचे चित्र नव्हे, मागची यादी वाचावी. जो पदार्थ वजनाने सर्वांत जास्त, त्याचे नाव पहिले लिहायचे, असा नियम आहे. 'ज्वारीचे' म्हणून विकलेल्या मालात पहिले नाव मैद्याचे असेल, तर तुम्ही पैसे मैद्याचेच मोजता आहात. घरात शाळेत जाणारे पोर असेल तर त्याच्याकडून वाचून घ्या. तयार पिठाचे म्हणाल, तर ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची विरी जाते, भाकरी थापताना चिरते आणि बाईला वाटते आपलाच हात बिघडला. पाच-सहा किलो ज्वारी चार घरांनी मिळून घ्यावी आणि आठवड्यापुरतेच दळावे.

निघताना मावशीने ताज्या पिठाची पिशवी आमच्या हातात कोंबली. "आठ दिसांत संपीव, नायतर विरी जाईल," असे दोनदा बजावले. बिस्किटांचा पुडा परत न्यावा म्हणून आम्ही हात पुढे केला, तर नातीने तो पाठीमागे लपवला. अर्धा संपलाही होता.