बदलीवरचा बीटल

बँकेत 'बदली' हा शब्द दोन अर्थांनी चालत असे. आम्हा अधिकाऱ्यांची बदली म्हणजे बिऱ्हाड उचलून दुसऱ्या गावी जाणे. शिपायांत मात्र बदली हे माणसाचेच नाव. कायम शिपाई रजेवर गेला की रोजावर येऊन त्याचे काम करणारा तो बदली. बीटल्सच्या जून १९६४ मधल्या दौऱ्याविषयी वाचले की मला हा दुसरा बदलीच आठवतो.

त्या वर्षी फेब्रुवारीत लिव्हरपूलच्या या चार पोरांनी अमेरिकेला वेड लावले होते. पाठोपाठ डेन्मार्क, हॉलंड, हाँगकाँग, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड असा दौरा ठरला. निघायच्या आदल्या दिवशी, ३ जूनला, ड्रम वाजवणारा रिंगो स्टार टॉन्सिल्स सुजून तापाने आडवा झाला. थिएटरे ठरलेली, तिकिटे विकलेली. मॅनेजर ब्रायन एपस्टाइनने बदली घ्यायचे ठरवले. त्यांच्या रेकॉर्डचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी जिमी निकोल या चोविशीतल्या लंडनच्या ड्रमरचे नाव सुचवले. बीटल्सच्या गाण्यांच्या एका स्वस्त नकली रेकॉर्डसाठी त्याने वाजवले होते, त्यामुळे चाली हातात होत्या. त्याच दिवशी थोडी तालीम झाली आणि दुसऱ्या दिवशी कोपनहेगनला तो रिंगोचा सूट घालून रंगमंचावर बसला. विजार आखूड पडत होती.

जॉर्ज हॅरिसनचा याला विरोध होता. रिंगो नसेल तर आपण बीटल्सच नाही, दौरा रद्द करा, असे त्याचे म्हणणे. त्याची कशीबशी समजूत काढावी लागली. चरित्रकार हा त्याचा हट्ट म्हणून सांगतात. मला तो शहाणपणा वाटतो. एपस्टाइनपुढे रिकामी खुर्ची होती, हॅरिसनपुढे माणूस. तिकडे रिंगोलाही आपण नकोसे झालो की काय, अशी धास्ती वाटत होती.

कोपनहेगन, हॉलंडमधले ब्लोकर, हाँगकाँग, अॅडलेड. अॅडलेडच्या रस्त्यांवर सुमारे तीन लाख माणसे लोटल्याचा अंदाज आहे. किंकाळ्या अशा, की ड्रमवर कोण आहे याची फिकीर किती जणांना होती कोण जाणे. पण निकोलने ताल सोडला नाही. १४ जूनला रिंगो मेलबर्नला पोहोचला आणि बदलीची गरज संपली. निकोल पहाटे निघाला तेव्हा बाकीचे झोपेत होते. त्यांची झोप मोडायला नको म्हणून तो निरोप न घेताच गेला. विमानतळावर एपस्टाइनने त्याला ५०० पौंडांचा चेक दिला आणि आभाराचा मजकूर कोरलेले सोन्याचे घड्याळ.

व्यवहार चोख झाला, यात वाद नाही. आमच्याकडेही रोज चोख मिळे. एका शाखेत एक बदली शिपाई होता. चेकवरच्या सह्या पाहून खातेदार ओळखायचा. वर्षात २४० दिवस भरले की कायद्याने हक्क सांगता येई, म्हणून त्याआधीच त्याला 'ब्रेक' दिला जाई. कागदोपत्री कोणी कसलाच नियम मोडत नसे. माझी तक्रार नेमकी या चोखपणाशी आहे. एपस्टाइनच्या हाताखाली तेव्हा कितीतरी गायक, वादक होते. अडचणीत धावून आलेल्या माणसाला घड्याळापेक्षा पुढच्या कामाची हमी द्यायला हवी होती.

त्याच ऑगस्टमध्ये डेव्ह क्लार्क आजारी पडला, तेव्हा ब्लॅकपूलला त्याच्या जागी वाजवायला पुन्हा निकोललाच बोलावले. म्हणजे पुन्हा बदलीच. त्याने स्वतःचा बँडही काढून पाहिला, पण १९६५ मध्ये त्याचे दिवाळे निघाले. त्या दौऱ्यात 'कसं चाललंय?' विचारले की तो सुधारतंय, इतकेच म्हणे. पॉल मॅकार्टनीला ते लक्षात राहिले आणि त्यातून १९६७ मध्ये 'गेटिंग बेटर' हे गाणे झाले. रेकॉर्डवर गीतकार म्हणून लेनन आणि मॅकार्टनी यांची नावे आहेत, ड्रम रिंगोचे आहेत.