आठवड्याचा चुकारा, महिन्याचा पास

एसटीचे भाडे टप्प्यावर ठरते. एक टप्पा 6 किलोमीटरचा. 25 जानेवारी 2025 पासून भाडेवाढ झाली आणि साध्या बसचा टप्पा सुमारे 10 रुपयांवर गेला. मूल ते चंद्रपूर हे अंतर साधारण 46 किलोमीटर, म्हणजे 8 टप्पे. एका फेरीला 80 रुपये, जाऊन-येऊन 160. कामाचे सहा दिवस धरले, तर आठवड्याचा खर्च 960 रुपये होतो. 2025-26 साठी राज्यातील रोजगार हमीचा दर दिवसाला 312 रुपये होता. त्या हिशेबाने मूलहून रोज चंद्रपूर गाठणाऱ्या मजुराची तीन दिवसांची मजुरी तिकिटातच जाते.

रेल्वे स्वस्त आहे. साध्या गाडीचे किमान तिकीट 10 रुपये. गोंदिया–बल्लारशाह मार्ग मूलवरून जातो. पण गाड्या मोजक्या आणि त्यांच्या वेळा कामाच्या वेळांशी जुळतीलच असे नाही. गडचिरोली जिल्ह्याच्या वाट्याला तर वडसा हे एकच स्थानक आलेले आहे. बाकी सारा भार एसटीवर, आणि जिथे एसटी नाही तिथे काळी-पिवळीवर. अहेरी–गर्देवाडा मार्गावर पहिली बस धावायला 1 जानेवारी 2025 उजाडावे लागले. भामरागडहून गडचिरोली सुमारे 180 किलोमीटर. रुग्णाला दाखवून परत आणायचे, तर एका माणसाचे सहाशे रुपये. पर्लकोटा नदीला पूर आला की तोही रस्ता बंद.

सवलती आहेत आणि त्या मोलाच्या आहेत. 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट लागते. मूल–चंद्रपूरचा आठवडा त्यांना 480 रुपयांत पडतो. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. विद्यार्थ्यांना पासासाठी एक तृतीयांशच भाडे भरावे लागते.

राहतो तो रोजंदारीवरचा पुरुष. त्याच्यासाठी मासिक पास आहे: 20 दिवसांचे भाडे भरायचे, 30 दिवस फिरायचे. मूल–चंद्रपूरसाठी हा पास 3200 रुपयांचा. महिन्यात 26 दिवस कामावर गेल्यास तिकिटांचे 4160 होतात, म्हणजे 960 रुपये वाचतात. पुऱ्या एका आठवड्याचे भाडे. मात्र 3200 रुपये खिडकीवर एकरकमी मोजावे लागतात. ती दहा दिवसांची मजुरी झाली. पगारदाराला ती एक तारखेला जमते. ज्याचा चुकारा आठवडी बाजाराच्या दिवशी होतो, त्याच्या हातात ती कधीच एकत्र येत नाही. तो रोज सुटे तिकीट काढतो आणि त्याच बाकावर बसलेल्या पगारदारापेक्षा जास्त पैसे मोजतो.

हा अन्याय आहे, आणि तो दूर करणे अवघड नाही. महिलांची सवलत तळापर्यंत पोचली, कारण तिला आगाऊ रक्कम लागत नाही. वाहक यंत्रातून अर्धे तिकीट काढून देतो, एवढेच. तोच धडा इथे लागू करावा. सात दिवसांचा पास एसटीकडे आहे, पण ‘आवडेल तेथे प्रवास’ ही योजना भटकंतीसाठी आहे, रोजच्या एकाच मार्गासाठी नाही. ठरलेल्या मार्गाचा आठवडी पास काढावा: पाच दिवसांचे भाडे, सात दिवस प्रवास. मूल–चंद्रपूरला तो 800 रुपयांना पडेल आणि मजुराचे आठवड्याला 160 रुपये, म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी, वाचतील. हा पास बसमध्ये वाहकाकडेच मिळावा, कारण खेड्यातल्या थांब्यावर खिडकी नसते. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन विभागांत त्याची सुरुवात व्हावी.