भरलेलें कारलें व वांटलेले श्रम

आरोग्यदायक अन्न घरींच शिजवावें, असा उपदेश आज सर्वत्र ऐकूं येतो. वैद्य तो करितात, वर्तमानपत्रें करितात, आम्ही शिक्षकहि करितों. परंतु तें अन्न शिजवावयाचें कोणीं, ह्या प्रश्नाकडे उपदेशकांचें लक्ष क्वचितच जातें. आमच्या मतें हे दोन प्रश्न एकमेकांपासून निराळे नाहींत. हें म्हणणें स्पष्ट व्हावें म्हणून उत्तर भारतांतील एका साध्या भाजीचें उदाहरण आम्ही वाचकांपुढें ठेवितों. ती भाजी म्हणजे भरलेलें कारलें.

पंजाबांत कारल्यांत कांद्याचें सारण भरून त्यांत आमचूर अथवा अनारदाणा घालतात. अवधांत व त्याच्या पूर्वेकडील भोजपुरी मुलुखांत अशा भरल्या भाजीस कलौंजी म्हणतात, आणि तेथें बडीशेप व मोहरीचें तेल यांस मोठा मान आहे. आपल्याकडील भरल्या कारल्यांत दाण्याचें कूट, खोबरें व गूळ असतो. तिकडे गुळाची जागा आंबट घेतें आणि खोबऱ्याची जागा कांदा. रस नसल्यामुळें ती भाजी लवकर बिघडत नाहीं. म्हणून तिकडील प्रवासी पुऱ्यांबरोबर ती शिदोरीस घेतात.

कृति अवघड नाहीं, पण सावकाशीची आहे. चार माणसांस अर्धा किलो लहान, कोंवळीं कारलीं घ्यावीं. वरचे खडबडीत कंगोरे खरवडावे. तो कीस टाकून देऊं नये. प्रत्येक कारल्यास एका बाजूनें उभी चीर द्यावी व जून बिया काढाव्या. मग कारल्यांस व किसास मीठ आणि हळद चोळून अर्धा तास ठेवावें. मिठामुळें कारल्यांतील पाणी बाहेर येतें व त्याबरोबर थोडा कडूपणाहि निघून जातो. नंतर सर्व धुऊन पिळून घ्यावें आणि कारलीं आठ-दहा मिनिटें वाफवावीं.

सारणासाठीं दोन मोठे चमचे डाळीचें पीठ कोरडेंच खमंग भाजावें. तीन कांदे बारीक चिरून, कारल्याच्या किसासह, चहाच्या एका चमचाभर तेलावर परतावे. त्यांत भाजलेलें पीठ, दोन लहान चमचे धन्याची पूड, तितकीच जाडसर कुटलेली बडीशेप, एक लहान चमचा आमचूर, थोडी हळद व बेताचें तिखट मिसळावें. हें सारण कारल्यांत भरून प्रत्येकास सुती दोरा गुंडाळावा. पसरट तव्यांत दोन लहान चमचे मोहरीचें तेल त्याचा उग्र वास कमी होईपर्यंत तापवून, मंद विस्तवावर झांकण ठेवून, कारलीं फिरवीत पंधरा मिनिटें शिजवावीं. वाढण्यापूर्वीं दोरा काढण्यास मात्र विसरूं नये.

आतां आरोग्याविषयीं. कारलें गुणकारी म्हणून तें कसेंहि केलें तरी चालेल, अशी समजूत आढळते. ती आम्हांस मान्य नाहीं. तेंच कारलें कढईभर तेलांत तळलें तर तें तेल पिऊन बसतें. कुन्नूर येथें १९१८ सालीं एका लहानशा संशोधन केंद्राच्या रूपानें सुरू झालेली व आज हैदराबाद येथें असलेली राष्ट्रीय पोषण संस्था हिनें २०२४ सालीं आहाराविषयीं मार्गदर्शन प्रसिद्ध केलें. दिवसास २००० कॅलरींच्या आहारांत सुमारें ४०० ग्रॅम भाज्या असाव्या, पण तेल-तूप २७ ग्रॅमच असावें, असें त्यांत सांगितलें आहे. वरील कृतींत चौघांस मिळून तीनच लहान चमचे तेल लागतें, तें ह्याच हिशेबानें. जागतिक आरोग्य संघटना मिठाची मर्यादा दिवसास ५ ग्रॅमांच्या आंत सांगते. म्हणून कारलीं नीट धुवावीं, आणि सारण चाखून पाहिल्याशिवाय त्यांत पुन्हां मीठ घालूं नये.

कारलें हें मधुमेहावरील औषध आहे, असेंहि पुष्कळ घरीं मानतात. परंतु ह्या विषयावरील प्रयोग तपासून कॉक्रेन ह्या संस्थेनें २०१२ सालीं जी समीक्षा प्रसिद्ध केली, तींत तसें म्हणण्यास पुरेसा पुरावा नसल्याचें सांगितलें आहे. म्हणून कारलें भाजी म्हणून आवडीनें खावें; पण त्याच्या भरंवशावर घरांतील कोणीं वैद्यानें दिलेलें औषध सोडूं नये. कडू रसास अन्नांत स्थान आहे, हें मात्र आपल्या पूर्वजांनीं ओळखलें होतें. पाडव्यास आपण कडुनिंबाचीं पानें खातों. वल्हांडणाच्या भोजनांतहि कडू भाजीचा विधि पवित्र शास्त्रांत सांगितला आहे.

येथें आम्ही मूळ प्रश्नाकडे वळतों. खरवडणें, पिळणें, कुटणें, भरणें, दोरे गुंडाळणें, ह्या साऱ्यास दीड तास तरी लागतो. तो दीड तास कोणाचा? केंद्र सरकारनें २०१९ सालीं लोकांच्या वेळेच्या विनियोगाची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाकांठीं सरासरी २९९ मिनिटें त्या बिनमोल कामांत जात होते, आणि जे पुरुष अशा कामास हात लावीत त्यांचीं ९७ मिनिटें. शिवाय असा हात लावणारे पुरुष शंभरांत सव्वीसच होते. म्हणजे सकस व घरगुती अन्नाची स्तुति जेव्हां आपण करितों, तेव्हां बहुधा एकट्या आईच्या श्रमांत भर घालीत असतों. घरांतील सर्वांचें आरोग्य जर एकीच्या थकव्यावर उभें असेल, तर त्यास आरोग्य म्हणावें काय?

कोणी म्हणतील, मुलग्यांस अभ्यास असतो. तो मुलींसहि असतो, आणि परीक्षेचा कागद दोघांस एकच येतो. दुसरे म्हणतील, मग भाजी विकतच आणावी. आणावी, प्रसंगीं त्यांत कांहीं पाप नाहीं. परंतु विकतच्या भाजींत तेल व मीठ किती असावें, हें आपल्या हातीं राहत नाहीं. तिसरे म्हणतील, मुलें मदतीस आलीं तर पसाराच अधिक होतो. पहिल्या दोन-चार वेळां होईल; लिहावयास शिकतांनाहि शाईचे डाग पडतातच.

आमची सूचना साधी आहे. लहान मुलांनीं मीठ चोळावें, बडीशेप कुटावी व दोरे मोजून कापावे. वरच्या वर्गांतील मुलांनीं, मग तो मुलगा असो कीं मुलगी, वडीलधाऱ्यांच्या नजरेखालीं सुरी व विस्तव सांभाळावा. वडिलांनीं सारण भरून दोरे गुंडाळावे, आणि भांडीं घांसण्याची पाळी आली असतां कोणींहि पुस्तक उघडून बसूं नये. विज्ञानाच्या तासास जें परासरण शिकवितात तें मिठानें सुटलेल्या पाण्यांत डोळ्यांनीं दिसेल, हा अभ्यासाचाहि लाभच आहे. शिवाय, स्वतःच्या हातानें भरलेलें कारलें मूल निदान एकदां तरी चाखून पाहील, अशी आमची आशा आहे.

विद्यार्थीमित्रांनो, येत्या सुटींत अर्धा किलो कारलीं आणा व स्वयंपाकघराची वाट धरा. पालकांस आमची विनंति इतकीच कीं, पहिल्या दिवशीं दोरा सैल बसून सारण तव्यांत सांडलें तर त्यांनीं रागावूं नये, आणि त्या दिवशीं पहिलें पान आईचें मांडावें.